सदाने भरलेले आवाज

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो होडीतून. माझा थोरला भाऊ सदा रेडीला, जिथे बोटींत लोहखनिज भरतात त्या बंदरावरच्या एका कचेरीत कारकून होता. कचेरीत नवे कॉम्प्युटर आले तेव्हा जुने कुणाला हवे असतील तर न्या असं साहेबाने सांगितलं आणि सदाने सगळ्यांच्या आधी हात वर केला. टेम्पोने तो पलीकडच्या काठापर्यंत आला आणि तिथून खाडी ओलांडून आमच्या देवबागला. मॉनिटर आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला, सदा त्याला दोन्ही हातांनी पोटाशी धरून होडीच्या मधोमध बसलेला, आणि काठावर बाबा कमरेवर हात ठेवून उभे. बाबा होड्यांची आणि ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करायचे. ज्या यंत्राला ना डिझेल लागतं ना ग्रीस, त्याच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. "ह्याच्यात काय फिरता?" त्यांनी विचारलं. "आत पंखो फिरता, बाबा," सदा म्हणाला. "पंखो आमच्याकडे आधीच आसा," असं म्हणून बाबा गुडघाभर पाण्यात उतरले आणि सदाच्या हातातून ते धूड त्यांनी अलगद उचलून घेतलं.

आमचं घर वाळूच्या चिंचोळ्या पट्टीवर. पुढच्या दारात खाडी, मागच्या दारात समुद्र, मध्ये आम्ही चौघं, बारा माड आणि सात कोंबड्या. लाटांचा आवाज कधी थांबतच नसे, त्यामुळे तो आम्हाला ऐकूही येत नसे. फक्त आम्ही सगळे गरजेपेक्षा मोठ्याने बोलायचो. मला अजून वर्गात मुलं हळूच सांगतात, बाई, ओरडू नका. खारी हवा घरातलं सगळं खायची. दाराच्या कड्या, सायकल, डब्यांची झाकणं, बाबांचे पाने. आईने त्याच्याशी आयुष्यभर खोबरेल तेलाच्या फडक्याने झुंज दिली. कॉम्प्युटर आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ती तेलाचं फडकं घेऊन त्याच्या मागच्या भोकांकडे वळली तेव्हा सदा जेवणाच्या ताटावरून उठून धावला. बराच वाद झाला. शेवटी तेल नाही, पण सोमवारी हळदकुंकू लावायचं, यावर तडजोड झाली. मॉनिटरच्या कपाळावरचा तो लाल ठिपका कधी पूर्ण पुसला गेला नाही.

कॉम्प्युटरमध्ये एकच गेम होता. बेटावर गाव वसवायचं. माणसं लाकडं तोडायची, मासे धरायची, घरं बांधायची. अधूनमधून चाच्यांची जहाजं यायची. मग शिंग वाजायचं आणि रानात, पाण्यात पांगलेली सगळी माणसं ओ देत गावात परतायची. प्रत्येकाला आवाज होता, पण कुठल्या तरी परक्या भाषेतला. सदाला ते सोसेना. "ऱ्हवतत आमच्या घरात आणि बोलतत खंयचा काय ता," असं म्हणून तो शोधत बसला आणि त्याला कळलं की प्रत्येक आवाज ही वेगळी फाइल आहे. कचेरीतून त्याने एक मोडका माइक आणला, आणि दर रविवारी दुपारी, बांगड्याचं तिखलं आणि भात पोटभर जेवून झाला की तो आपला आवाज भरून त्याच नावाने त्याच जागी ठेवू लागला. मग बेटावरचा लाकूडतोड्या म्हणू लागला, "दमलंय रे, वायच बसांदे." कोळी म्हणे, "भरती येवंदे, मगे बघू." पहारेकरी ओरडे, "कोण रे तो?" एक म्हातारी होती, ती बारीक आवाजात "माझी कोंबडी खंय गेली?" विचारायची, ती शेजारच्या काकीची हुबेहूब नक्कल होती आणि काकीलाही ती ठाऊक होती. भरताना आम्ही गप्प राहायचं असा दंडक होता. कोंबड्यांना तो मान्य नव्हता, म्हणून लोहाराच्या आवाजामागे आमची कोंबडी ऐकू यायची. असे चाळीसेक आवाज झाले. आई पदर तोंडाला लावून हसायची आणि म्हणायची, "सगळ्यांक घातलंस, माका काय नाय?" एका शनिवारी जेवताना सदा म्हणाला, "उद्या सकाळी तुझ्यासाठी एक नवो आवाज घालतंय, आये. शिंग वाजल्यार आयकाक येतलो."

तो रविवार त्याचा शेवटचा. सकाळी आवाज भरून तो भिकू नावाच्या दोस्ताबरोबर जाळी घेऊन गेला. नारळी पौर्णिमा होऊन गेली होती, पण खाडीच्या तोंडाशी वाळू अजून बसली नव्हती. पावसात खाडी तिथली सगळी वाळू इकडची तिकडे करते. काल जिथे वाट होती तिथे आज लाटा फुटतात. तिथेच होडी उलटली. भिकू पोहत काठाला लागला. होडी मिळाली, एक वल्हं मिळालं. सदा मिळाला नाही. आठ दिवस गावातल्या सगळ्या होड्या निवतीपासून मालवणापर्यंत फिरत होत्या. मग एकेक जण आपल्या जाळ्याकडे परत गेला. मी कुणाला बोल लावत नाही, घरं सगळ्यांनाच होती.

दीडेक महिना घरात चूल पेटली ती फक्त पेटवायची म्हणून. एका दुपारी, आईच्या तोंडाकडे बघवेना म्हणून, मी कॉम्प्युटर लावून बसले. आवाजांचं माझ्या डोक्यात नव्हतं असं मी म्हणेन, पण ते खरं असेल का, सांगता येत नाही. पहारेकऱ्यावर माझा माउस पडला आणि पेटीतून सदा ओरडला, "कोण रे तो?" आई आडाळ्यावर बसून खोबरं किसत होती. ती तशीच, हाताला कीस लागलेला, धावत बाहेर आली. आधी तिने पुढच्या दारात बघितलं, मग मागच्या. "खंय आसा?" मी म्हटलं, "आये, गेम तो." ती जमिनीवर बसली आणि म्हणाली, "परत लाव."

त्या दिवसापासून ती रोज दुपारी कॉम्प्युटरजवळ पाट मांडून सुकट निवडत बसू लागली. आठवड्याभरात तिला सगळे आवाज पाठ झाले आणि तिने मला बजावून सांगितलं की त्याने सांगितलेला नवा आवाज यांच्यात नाही. तो शिंग वाजल्यावर येणार होता. आणि शिंग वाजलं, चाळीस माणसं चाळीस तऱ्हेने ओ देऊ लागली, की गेम बंद पडायचा. कधी पहिल्याच शिंगाला, कधी तिसऱ्या. पडदा काळा व्हायचा, लाउडस्पीकरमध्ये शेवटचं अक्षर क्षणभर घरघरत राहायचं, आणि मग इंग्रजीत पाटी यायची. मी तिचा अर्थ लावून सांगितला: या प्रोग्रॅमने बेकायदेशीर कृती केली आहे, म्हणून तो बंद करण्यात येत आहे. बाबांना ते लागलं. "बेकायदेशीर? आमच्या घरात कोणी काय केल्यान?" ते सदरा चढवू लागले, जणू पोलीसपाटलाकडे जाऊन खुलासाच करणार होते. मला हसू आलं. सदा गेल्यानंतर मी पहिल्यांदा हसले ती तेव्हा, आणि हसल्याबद्दल स्वतःचा रागही आला.

सदा होता तोवर हा गेम एकदाही बंद पडला नव्हता. हे आम्ही कुणी मोठ्याने बोलत नव्हतो. काकीने बोलून टाकलं. कुंपणापलीकडून ती म्हणाली, "तो बोलाक बघता गो, पण दर्यो त्याका बोलाक देना नाय." आईने ते ऐकलं. त्यानंतर गेम बंद पडला की तिचा हात सुपात तसाच राहायचा आणि ती पडद्याकडे बघत राहायची, विहिरीत पडलेला माणूस वर यायची वाट बघावी तशी. मला भीती वाटायची. भुताची नाही, भुतांना मी लहानपणीही शिव्या दिल्या आहेत. आई एके दिवशी मागच्या दाराने पाण्यात चालत जाईल, अशी भीती वाटायची.

मग आम्ही दुरुस्तीच्या मागे लागलो. बाबांनी इंजिनवाल्याच्या अकलेने निदान केलं की यंत्र तापतंय. त्यांनी पेटीचं एका बाजूचं झाकण काढलं आणि समोर टेबलपंखा लावला. मी मेमरीच्या पट्ट्या बाहेर काढून खोडरबराने घासल्या. खाऱ्या हवेने त्यांच्या दातांवर हिरवट थर चढला होता. वायरी बदलल्या, सीडी साबणाने धुतली, व्होल्टेज कमीजास्त होतंय म्हणून फ्रिज बंद ठेवला. हे सगळं मी एकदम करायची, घाई मला जन्माची. एकदा गेम अर्धा तास चालला, आम्हाला वाटलं जिंकलो, पण कशामुळे चालला ते कळलं नाही, आणि पुढच्या शिंगाला तो पडला. मालवणहून एक दुरुस्तीवाला आला. त्याने पाच मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "फॉरमॅट मारू, गेम नवीन टाकू, पळेल."

"आणि आवाज?" मी विचारलं.

"ओरिजिनल येतील ना, मॅडम. एकदम क्लिअर."

मी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं.

तेवढ्यात मुंबईहून बाबांचे भाऊ, आमचे काका, आले. ते म्हणाले, तीन महिने झाले, पोराचं काही हाताला लागत नाही, आता दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यावा आणि दिवस करावेत. असं किती दिवस त्याला ना इकडे ना तिकडे ठेवणार? बाबा मान खाली घालून ऐकत होते. आई आतून बाहेर आली. "त्याचा शेवटचा बोलणा आयकल्याशिवाय मी पुतळो जाळूक दिवचंय नाय," ती म्हणाली. काकांनी माझ्याकडे बघितलं. बाबा उठले, कॉम्प्युटरकडे गेले आणि त्यावर हात ठेवून म्हणाले, "मगे ह्याच बाहेर काढूया घरातसून." मी मधे जाऊन उभी राहिले. आमच्या घरात बाबांच्या वाटेत कुणी उभं राहत नसे. काकांनीच तोडगा काढला: देवीला कौल लावू.

आमच्याकडे असं अडलं की देवीकडे जातात. गुरव पाषाणाला पाण्याने ओल्या पाकळ्या चिकटवतो, उजव्या आणि डाव्या. गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी पडली तर होय, डावी पडली तर नाही, आणि कुठलीच पडली नाही तर थांबायचं. बाबांनी हात जोडले आणि तीन महिने तुंबलेलं सगळं एका दमात बाहेर काढलं: पोराचे दिवस करू काय, ती मशीन घराबाहेर काढू काय, हिच्या जिवाक आराम कधी पडतलो, आणि गे माये, माझ्या पोरान कोणाचा काय वाकडा केलला?  गुरव वयाने बाबांएवढाच होता. त्याने त्यांचा खांदा धरला आणि शांतपणे म्हणाला, "एका वेळी एकच इचार रे. चार गोष्टी इचारलंस तर पाकळी पडतली, पण ती खंयच्या गोष्टीक पडली ता तुका कळतला कसा? एक इचार. तिचा उत्तर घे. मगे दुसरा."

आधी पुतळ्याचं विचारलं. पाकळ्या हलल्या नाहीत. मग मशीन घराबाहेर काढायची का, ते विचारलं. डावी पाकळी पडली. आईने डोळे मिटून नमस्कार केला. परत येताना बाबांनी माझ्या हातात नारळ दिला, म्हणजे राग गेला होता. मी मात्र त्या पाकळीचा विचार करत नव्हते. माझ्या डोक्यात गुरवाचं बोलणं फिरत होतं, आणि मी किती गाढवपणा केला ते कळत होतं. मी यंत्राला एकदम दहा प्रश्न विचारत होते. आज शाळेतल्या मुलांना कॉम्प्युटर बिघडला तर काय करायचं ते शिकवते तेव्हा मी नेमकं हेच सांगते, फक्त गुरवाचं नाव घेत नाही.

घरी आल्या आल्या मी पंखा काढला, झाकण लावलं, सगळं होतं तसं केलं. मग एकच प्रश्न: आवाजांमुळे पडतो का? आवाजांच्या सगळ्या फाइली काढून बाजूला ठेवल्या. माणसं नुसती तोंड हलवू लागली. शिंग वाजलं, एकदा, दोनदा, पाच वेळा. गेम पडला नाही. आई विचारू लागली, "बोलणत कित्या नाय?" मी म्हटलं, "वायच थांब." मी दोन फोल्डर केले, एकाचं नाव उजवा, एकाचं डावा, आणि वीस-वीस फाइली वाटल्या. उजव्या परत घातल्या, गेम चालला. म्हणजे दोष डाव्यांत. डाव्यांचे पुन्हा दोन भाग. दर खेपेला पाच-सहा शिंगं वाजेपर्यंत थांबायचं. मधे वीज जायची, मधे आई जेवायला बोलवायची, कुळथाची पिठी आणि भात, मी डाव्या हाताने माउस धरून जेवायची. एकेक फाइल नुसती वाजवून बघता आली असती, हे मला सुचलं नव्हतं असं नाही. एकदा करून बघितलं. गेममधल्या संगीताशिवाय, मोकळा, सदाचा आवाज माजघरात घुमला आणि बाबा भरल्या ताटावरून उठून निघून गेले. परत ते माझ्याने झालं नाही. चौथ्या दिवशी दुपारी एक फाइल उरली. ती घातली की गेम पडे, काढली की चाले. तिच्यावरची तारीख त्या रविवारची होती.

इतर फाइली एवढ्याएवढ्याशा होत्या. ही त्यांच्या शेकडो पटींनी मोठी होती. साधा प्लेअर ती उघडेना. सदा ज्या रेकॉर्डरमध्ये आवाज भरायचा त्यात घातली तेव्हा त्याने विचारलं, ही फाइल अपुरी आहे, दुरुस्त करायची का? मला सगळं लख्ख दिसलं. सदाने आवाज भरला, बंद करायला विसरला आणि तसाच गेला. रेकॉर्डर रिकाम्या खोलीत ऐकत राहिला, वीज जाईपर्यंत. फाइल कधी नीट बंदच झाली नव्हती, आणि गेमला तिचं काय करायचं ते कळत नव्हतं. आई मागच्या अंगणात होती. मी कानाला हेडफोन लावले आणि दुरुस्त करा म्हटलं.

अकरा मिनिटं. पहिल्यांदा सदा घसा साफ करतो. मग घरी परत आल्याची हाक देतो, "इलंय गो, आये!" मग जरा लांबून आल्यासारखा, "इलंय गो, आयेऽ." तिसऱ्यांदा म्हणताना त्याला हसू येतं. खुर्ची सरकते. आतून आईचा आवाज येतो, "खंय चललंस रे? पेज पिवन जा." तो म्हणतो, "इल्यार पितंय." "थंड होतली." "थंडच बरी गो." मग तो मोठ्याने विचारतो, "सुशे, मागल्या दारातसून बघ गो, तोंडार लाटो फुटतत काय?" आणि एक मुलगी म्हणते, "नाय रे. सपाट आसा." ती मुलगी मी. मागच्या दारातून खाडीचं तोंड स्वच्छ दिसायचं. आमच्याकडे कुणी निघालं की घरातल्या एकाने तिथे जाऊन बघायचं आणि सांगायचं, हे एवढं ठरलेलं की त्याला कुणी नावही दिलं नव्हतं. मी झोपाळ्यावर पडून मासिक वाचत होते. मी उठले नाही. त्या रेकॉर्डिंगमध्ये प्रश्न आणि उत्तर यांच्यामध्ये झोपाळ्याची कडी वाजत नाही, पावलं वाजत नाहीत, दार वाजत नाही. फक्त पान उलटल्याचा आवाज आहे. मग बाहेरून भिकूची शिट्टी, सदाच्या चपला, आणि त्यानंतर आठ-नऊ मिनिटं आमचं घर: आडाळा, कोंबड्या, मागे लाटा. लाटा मोठ्या होत्या. तेव्हा आम्हाला त्या ऐकू येत नव्हत्या, हेडफोनमध्ये मला ऐकू आल्या.

तो गेला त्या दिवशी सगळ्यांनी विचारलं होतं, निघताना खाडीचं तोंड कुणी बघितलं? मी सांगितलं होतं, मी न्हाणीत होते, मला माहीत नाही. एवढं बोलायला मला क्षणसुद्धा लागला नव्हता.

आता ती फाइल तीन सेकंदांची करायची होती, गेमसाठी तेवढंच लागत होतं. बाकीची दुसऱ्या नावाने ठेवणं हे दोन मिनिटांचं काम होतं. डिस्कवर जागा होती. मी ठेवली नाही. पहिला "इलंय गो, आये" तेवढा राखला, पुढचं सगळं निवडलं आणि पुसलं. रेकॉर्डरने विचारलं, बदल कायम करायचे? मी होय म्हटलं. कारणं मी पुढे पुष्कळ तयार केली: आईला पुरं ऐकवलं असतं तर ती खचली असती, बाबांनी मला तोंड दाखवलं नसतं, आणि मेलेल्या माणसाला त्याचा काय उपयोग. ती सगळी नंतरची आहेत. तेव्हा मला फक्त भीती वाटत होती आणि हात चालत होता.

आईला हाक मारली. ती हात पदराला पुसत आली, बाबाही दारात येऊन उभे राहिले. जहाजं आली, शिंग वाजलं, माणसं गावाकडे पळू लागली. दमलंय रे, कोण रे तो, माझी कोंबडी खंय गेली, असा सगळा गलका, आणि त्यात सदा, अगदी दारात आल्यासारखा: "इलंय गो, आये!" आई म्हणाली, "इलंस रे बाबा." इतक्या सहज म्हणाली की बाबांनी तोंड फिरवलं. तिने तीन वेळा शिंग वाजवायला लावलं. मग उठली आणि बाबांना म्हणाली, "भावजींक सांगा. पुतळो करा." गेम त्यानंतर कधी बंद पडला नाही. गावभर माझं कौतुक झालं, दहावीच्या मार्कांनीसुद्धा झालं नव्हतं इतकं. काकी म्हणाली, चेडवान भावाक वाट करून दिल्यान. त्याच कौतुकाच्या जोरावर मला सावंतवाडीला कॉम्प्युटर शिकायला पाठवलं, त्यावरच मी आयुष्य काढलं. पुतळा खाडीकाठी जळत होता तेव्हा मला आठवतं, मी मागच्या दारात उभी राहून खाडीच्या तोंडाकडे बघत होते. लग्न होऊन कुडाळला जाईपर्यंत रोज सकाळी मी तिथे जाऊन बघायची. कुणी विचारलेलं नसायचं.

आई शेवटची दोन वर्षं माझ्याकडे होती. कुडाळला लाटा नाहीत, म्हणून तिला झोप लागत नसे. दुपारी पडल्या पडल्या ती बोलत राही. सदाचं नाव ती फार घेत नसे. पण एका दुपारी, मी तिला पेज भरवत होते तेव्हा, ती एकदम म्हणाली, "सुशे, त्या दिवशी मी त्याका पेज पिवन जा म्हटलंय काय गो?"

मी चमचा वाटीत ठेवला.

"माका आठवना नाय," ती म्हणाली. "तेच्या दुसऱ्या दिवसापासून आठवना नाय. मी आत होतंय, तो बाहेर होतो. मी काय बोललंय? सगळा आठवता, तो खंयचो सदरो घालून गेलो ता आठवता. ह्या एवढाच नाय."

वीसपंचवीस वर्षं ती हे मनात स्वतःला विचारत होती आणि मला माहीत नव्हतं. मी वाटी खाली ठेवली. "होय, आये. तू म्हटलंस. तू म्हटलंस पेज पिवन जा, आणि तो म्हणालो इल्यार पितंय. तू म्हटलंस थंड होतली, तो म्हणालो थंडच बरी."

आईच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळलं. मग तिने माझ्याकडे नीट बघितलं, लहानपणी मी खोटं बोलले की बघायची तशी, आणि ते विझलं.

"तू न्हाणीत होतंस मगे," ती म्हणाली. "तूच सांगितलंस सगळ्यांक. तुका थंयसून काय आयकाक येतला?"

मला एकच वाक्य बोलायचं होतं. तिच्या डोळ्यांत बघून, मी न्हाणीत नव्हते, एवढंच. ते बोलले असते तर तिला पुढचंही सांगावं लागलं असतं, आणि मी वाटी पुन्हा उचलली. आईने हळूच माझ्या मनगटावर थोपटलं, माझीच समजूत काढावी तसं.

"माका बरा वाटुचा म्हणून सांगतंस, बाय, ता कळता माका," ती म्हणाली, आणि भिंतीकडे कूस वळवली. "मी काय इचारूकच नाय आसतलंय. उपाशी गेलो माझो झील."